चार सायकली, चार बिछाने आणि एक मालवाहू ट्रेलर

सदर : परदेशातले बिऱ्हाड



जून उजाडला की इथे अमेरिकेत शाळांना सुट्ट्या लागतात आणि महामार्गांवर चाकांवरची घरे दिसू लागतात. कुणाची बसएवढी गाडी, कुणाच्या मोटारीमागे जोडलेली खोली. झोपायला बिछाना, स्वयंपाकाला ओटा, सगळे सोबत. मुले खिडकीतून पाहतात आणि दरवर्षी तोच प्रश्न विचारतात, "अब्बा, आपण कधी?" गेल्या वर्षभरात आम्ही दोघांनी मिळून या प्रश्नाचे उत्तर हाताने तयार केले. सामान वाहून नेण्याचा एक जुना, बंदिस्त ट्रेलर घेतला आणि त्यात चौघांची झोपण्याची व चार सायकलींची सोय केली. ते कसे केले, का केले आणि त्यात जिवाला जपण्याच्या गोष्टी कोणत्या, हे या महिन्यात सांगतो.

तयार घर का घेतले नाही?

पहिले कारण म्हणजे व्याज. इथे तयार कॅम्पर ट्रेलर वीस-तीस हजार डॉलरला सहज जातो आणि दुकानदार तो दहा-पंधरा वर्षांच्या हप्त्यांवर देतो. हप्ता लहान दिसतो, पण त्यात सूद असतो. हौसेच्या वस्तूसाठी सुदाच्या व्यवहारात पडायचे नाही, हे आमच्या घरात ठरलेले आहे. रोख जेवढे देता येईल तेवढेच घ्यायचे.

दुसरे कारण इसराफचे. वर्षातून वीस-पंचवीस रात्री वापरायच्या वस्तूत न्हाणीघर, दूरदर्शन संच आणि चामड्याचा सोफा कशाला? आम्हाला हवे होते कोरडे छप्पर, सपाट बिछाना आणि सायकली सुखरूप नेण्याची जागा.

सायकलींचे कारण असे. अमेरिकेत बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचे रूळ काढून तिथे सायकलींचे रस्ते केले आहेत. विस्कॉन्सिन राज्यात एलरॉय ते स्पार्टा असा सुमारे ५२ किलोमीटरचा रस्ता आहे. हा या देशातल्या अशा पहिल्या रस्त्यांपैकी एक मानला जातो. त्यावर डोंगरातून खोदलेले तीन जुने बोगदे आहेत आणि सर्वांत मोठा बोगदा सव्वा किलोमीटरच्या आसपास आहे. आत मिट्ट काळोख, वरून ठिबकणारे पाणी. सायकलीवरून उतरून, हातात विजेरी धरून चालत जावे लागते. मिसुरी राज्यातला केटी ट्रेल तर सुमारे ३८५ किलोमीटर लांब आहे. रेल्वेचा मार्ग असल्याने चढ फार कमी, त्यामुळे नऊ वर्षांचा मुलगाही दमत नाही. मोटारींची भीती नाही. शिकागोच्या उपनगरातून अशा ठिकाणी जायचे तर चार सायकली न्यायच्या कशा आणि रात्री राहायचे कुठे, हे दोन प्रश्न होते. एका ट्रेलरने दोन्ही सुटले.

ट्रेलर निवडताना

आमचा ट्रेलर ६ फूट रुंद आणि १२ फूट लांब आहे. एक एक्सल, दोन चाके, बाजूला एक दरवाजा आणि मागे उतरत्या फळीसारखा खाली येणारा दरवाजा. सायकल ढकलत आत नेण्यासाठी हाच मागचा दरवाजा उपयोगी पडतो. आतली उंची साडेसहा फूट आहे, म्हणजे घरातला सर्वांत उंच माणूसही वाकल्याशिवाय उभा राहतो. ५ फूट उंचीचे ट्रेलर स्वस्त मिळतात, पण त्यात कपडे बदलणेही जिकिरीचे होते.

अशा लहान ट्रेलरच्या पाटीवर बहुधा २,९९० पौंड, म्हणजे सुमारे १,३५६ किलो, एवढे कमाल वजन लिहिलेले असते. हा विचित्र आकडा येतो कायद्यातून. अनेक राज्यांत ३,००० पौंडांच्या पुढच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात, म्हणून कारखानदार दहा पौंड अलीकडेच थांबतात. आम्ही मात्र ब्रेक असलेलाच ट्रेलर शोधला. कायद्याने सूट दिली तरी उतारावर वजन ढकलायचे थांबत नाही.

जुना ट्रेलर घेताना पाच गोष्टी पाहाव्यात. छताच्या आतल्या बाजूला पाण्याचे डाग आहेत का? खाली वाकून जमिनीचे प्लायवूड सुरीच्या टोकाने टोचून पाहावे, कुजलेले असेल तर टोक आत जाते. लोखंडी सांगाडा गंजून पापुद्रे सुटले आहेत का? टायरवरच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचावेत, पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. ट्रेलरचे टायर झिजण्याआधीच म्हातारे होतात, नक्षी नवीन दिसली म्हणून फसू नये. आणि शेवटी, मालकीच्या कागदावरचा क्रमांक सांगाड्यावरच्या क्रमांकाशी जुळतो का? चोरीचा माल स्वस्तात मिळाला तरी तो आपला होत नाही.

वजनाचा हिशेब

या कामात सुतारकीपेक्षा हिशेब महत्त्वाचा आहे. आम्ही एक वही केली आणि आत जाणारी प्रत्येक वस्तू तोलून लिहिली.

रिकामा ट्रेलर ५९० किलो. फोम आणि प्लायवूड ९०. बिछान्यांच्या चौकटी व गाद्या ८५. बॅटरी, सोलर पॅनेल, पंखा आणि वायरी ४०. पाणी ४०. चार सायकली ५५. लहान फ्रीज, भांडी आणि शिधा ६०. कपडे, पांघरुणे आणि तंबूचे कापड ६०. शौचाची पेटी व हत्यारे ३०. एकूण १,०५० किलो. म्हणजे कमाल वजनापेक्षा तीनशे किलो कमी. आमच्या मिनीव्हॅनची ओढण्याची मर्यादा ३,५०० पौंड, म्हणजे सुमारे १,५८८ किलो आहे, तीही ओलांडली जात नाही. आपल्या गाडीची मर्यादा तिच्या पुस्तिकेत पाहावी, शेजाऱ्याच्या अनुभवावर जाऊ नये. सगळे भरून झाल्यावर ट्रक थांबतात त्या पंपावरच्या वजनकाट्यावर एकदा तोलून घ्यावे.

एकूण वजनाइतकेच महत्त्वाचे म्हणजे ते कुठे ठेवले आहे. भरलेल्या ट्रेलरच्या वजनापैकी १० ते १५ टक्के भार पुढच्या जोडणीवर, म्हणजे मोटारीच्या हिचवर यायला हवा. मागे जास्त भरले की पुढचा भार हलका होतो आणि वेगात ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो. एकदा हे हेलकावे सुरू झाले की मोटारही सोबत फरफटते. आमच्या जोडणीवर १३० किलो येतात, म्हणजे बारा टक्क्यांच्या थोडे वर. बॅटरी आणि शिधा पुढे, पाण्याचे कॅन एक्सलच्या वर, मागे फक्त हलके सामान. सायकली ट्रेलरच्या मागे बाहेर टांगण्याचे स्टँड मिळतात, ते आम्ही याच कारणाने टाळले.

घरातल्या माणसांचे जीव ही आपल्याकडची अमानत आहे. मागून येणाऱ्या अनोळखी कुटुंबाचेही तसेच. म्हणून वजनाची वही आम्ही पहिल्या पानापासून नीट ठेवली.

भिंती, हवा आणि दार

ट्रेलरची भिंत म्हणजे पातळ पत्रा आणि त्यामागे लोखंडी पट्ट्या. उन्हात तव्यासारखा तापतो, थंडीत बर्फासारखा गार. आम्ही आतले प्लायवूड उतरवले, पट्ट्यांच्या मधल्या जागेत एक इंच जाडीचे कडक फोमचे तक्ते कापून बसवले, फटी भरल्या आणि प्लायवूड पुन्हा लावले. काम सोपे आहे, फक्त मापे नीट घ्यावी लागतात. वायरी प्लायवूड लावण्यापूर्वी ओढून घ्याव्यात.

फोमने ऊब येते, पण ओल जात नाही. चार माणसे रात्रभर श्वास घेतात, ती वाफ थंड पत्र्यावर जमून सकाळी भिंती घामेजतात आणि महिन्याभरात गादीखाली बुरशी धरते. त्यावर इलाज हवेचा. छतात १४ इंच चौरस भोक पाडून पंखा बसवला आणि बाजूला एक खिडकी केली. पंखा हवा बाहेर फेकतो, खिडकीतून ताजी आत येते. गाद्यांखाली लाकडी पट्ट्या ठेवल्या, त्यामुळे खालूनही हवा खेळते.

आता दाराची गोष्ट, आणि ती प्रत्येकाने लक्षात ठेवावी. मालवाहू ट्रेलर माणसांसाठी बनवलेला नसतो. त्याच्या दारांच्या दांडकड्या बाहेरून लागतात. आत माणसे झोपली असताना कुणी बाहेरून दांडी सरकवली, किंवा ती वाऱ्याने आपोआप अडकली, तर आतून उघडायला काहीच नसते. आम्ही बाजूच्या दाराची दांडी काढून टाकली आणि आतूनही उघडणारे कुलूप बसवले. मागचे दार आतून उघडत नाही, म्हणून खिडकी मुद्दाम एवढी मोठी घेतली की पूर्ण उघडून त्यातून मोठा माणूस बाहेर पडू शकेल. पहिल्या रात्री मुलांकडून दिवे बंद करून दोनदा सराव करून घेतला.

बिछाने आणि सायकली

पुढचे चार फूट दार, ओटा आणि पेट्यांसाठी. मागच्या आठ फुटांत दोन्ही भिंतींना बिजागऱ्यांवर उघडमीट होणारे बिछाने, एकावर एक असे दोन-दोन. प्रत्येक बिछाना २८ इंच रुंद आणि ६ फूट ४ इंच लांब. मध्ये एक फूट वाट. आडवे बिछाने केले असते तर जागा वाचली असती, पण आतली रुंदी पावणेसहा फुटांच्या आसपास असल्याने उंच माणसाला पाय पसरता आले नसते.

लेक बारा वर्षांची आहे, मुलगा दहाव्यात जाईल. या वयात मुलांचे बिछाने वेगळे करण्याची शिकवण आपल्या सर्व घरांत माहीत आहे. म्हणून सुरुवातीपासून चार वेगळे बिछाने आणि प्रत्येकाला जाड कापडाचा पडदा. लेकीने पडद्याचे कापड स्वतः निवडले आणि शिवलेही.

प्रवासात चारही बिछाने भिंतीला मिटलेले असतात आणि मधल्या मोकळ्या जागेत सायकली उभ्या राहतात. पुढचे चाक काढायचे आणि सायकलचा चिमटा जमिनीवरच्या पकडीत कसायचा. एकीचे तोंड पुढे, दुसरीचे मागे, म्हणजे हँडल एकमेकांत अडकत नाहीत. पकडी जमिनीच्या फळीत नुसत्या स्क्रूने लावल्या तर धक्क्याने उपटून येतात. आम्ही लोखंडी पट्टी सांगाड्यालाच बोल्टने आवळली आणि पकडी तिच्यावर बसवल्या. मुक्कामाला पोहोचलो की सायकली बाहेर काढून साखळीने झाडाला किंवा ट्रेलरला बांधतो, वर ताडपत्री टाकतो.

कुणाला मोटारसायकल न्यायची असेल तर हिशेब बदलतो. तिचे वजन दोनशे किलो किंवा त्याहूनही जास्त असते, चारही बाजूंनी पट्टे ताणून बांधावी लागते, आणि पेट्रोलची वाफ बंद जागेत साचते. पेट्रोलची गाडी आत ठेवून शेजारी झोपू नये. रात्री ती बाहेरच हवी आणि झोपण्यापूर्वी दारे उघडून हवा खेळू द्यावी.

चालत्या ट्रेलरमध्ये कुणीही बसायचे नाही, मुलांनी कितीही हट्ट केला तरी.

वुजूचे पाणी, नमाजची जागा

पाणी म्हणजे वजन, एक लिटर म्हणजे एक किलो. रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम एका मुद्द पाण्यात वुजू करीत असत, हे आपण लहानपणी मदरशात शिकलो. मुद्द म्हणजे पाऊण लिटरच्या आतबाहेर. घरी नळ वाहता असताना हा आकडा फक्त ऐकायचा असतो. ट्रेलरमध्ये तो मोजून दिसतो. चार माणसे, पाच वेळा, पाऊण लिटर, म्हणजे दिवसाला १५ लिटर. वीस लिटरचे दोन कॅन भरून नेले की वाटेत कुणापुढे हात पसरावा लागत नाही. मुलांना आम्ही प्रत्येकी एक मापाचा तांब्या दिला आहे. त्यात सुन्नतही पाळली जाते आणि काटकसरही. शौचासाठी बंद टाकीची पेटी आहे. ती मुक्कामाच्या ठिकाणी नेमून दिलेल्या जागीच रिकामी करायची.

आम्ही कोकणातले, मजहबने शाफई. सुमारे ८१ किलोमीटरहून लांबच्या प्रवासात झुहर, असर आणि इशाच्या चार रकातींच्या दोन होतात. फजर आणि मगरिब तशाच राहतात. शाफई मजहबात सफरमध्ये झुहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र अदा करण्याचीही मुभा आहे. येण्या-जाण्याचा दिवस वगळून चार दिवस एकाच ठिकाणी राहण्याचा इरादा असेल तर मात्र नमाज पूर्ण. आमच्यासोबत कधी कधी येणारे मराठवाड्यातले कुटुंब हनफी आहे. त्यांच्याकडे पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल तर कसर, पण दोन नमाजा एका वेळेत एकत्र करीत नाहीत. म्हणून वाटेत थांबे ठरवताना त्यांच्या असरसाठी वेगळा थांबा धरतो. अर्धा तास उशीर होतो, त्यात काय बिघडते? आपापल्या बाबतीत आपल्या आलिमांना विचारावे.

सर्व बिछाने मिटले की मधल्या जागेत दोन मुसल्ले शेजारी शेजारी बसतात. पावसात किंवा गर्दीच्या मुक्कामावर बायकांना आत निवांत नमाज पढता येते. उत्तर अमेरिकेतून किब्ला बहुतेक ठिकाणी ईशान्येकडे येतो. मुक्कामाला ट्रेलर उभा करताच मुलगा होकायंत्राने दिशा पाहून दाराच्या चौकटीवर खडूने बाण काढतो.

वीज आणि चूल

छतावर १०० वॅटचे सोलर पॅनेल, आत १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी. तिच्यात सुमारे १,२८० वॅट-तास वीज मावते. दिवे, पंखा, फोन आणि छोटा फ्रीज मिळून दिवसाला सातशेच्या आसपास लागतात. ढगाळ हवेतही एक दिवस सहज निघतो. बॅटरीपासून निघणाऱ्या मुख्य वायरीवर, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवाच. पाच-दहा डॉलरची ही वस्तू वगळली तर वायर घासून आग लागू शकते.

घरून शिजवून गोठवलेला खिमा, कबाब आणि पराठे फ्रीजमध्ये, त्यामुळे वाटेत हलाल शोधण्याची धावपळ नाही. गरम करायची शेगडी मात्र नेहमी बाहेर, कापडाच्या छपराखाली. आत कधीच नाही. कोळसा, गॅसची शेगडी, जनरेटर, काहीही बंद जागेत जळले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोके जड होते, मळमळते, मग झोप येते आणि त्या झोपेतून माणूस उठत नाही. आमच्या ट्रेलरमध्ये या वायूची सूचना देणारी घंटी, धुराची घंटी आणि दाराजवळ अग्निशामक नळकांडे आहे. थंडी वाजली तर आणखी एक रजई.

खर्च

ट्रेलर २,८०० डॉलर. टायर आणि बेअरिंगची दुरुस्ती ४००. फोम, प्लायवूड ४५०. पंखा व खिडकी ४००. वीज ७००. बिछाने व गाद्या ३५०. सायकलींच्या पकडी १८०. घंट्या व नळकांडे १२०. एकूण ५,४०० डॉलर, सात महिन्यांत, जसे पगारातून उरले तसे. आमची मजुरी धरलेली नाही, पण मुलांनी करवत, पान्हा आणि फूटपट्टी धरायला शिकली, ती कमाई वेगळी.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी

गावाकडे असा ट्रेलर मोटारीमागे लावण्याचा प्रघात नाही, आणि टेम्पो किंवा पिकअपमध्ये मनाने बदल करता येत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या रूपात फेरफार करायला मंजुरी लागते. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आहे. ज्यांना हौस आहे त्यांनी आधी आरटीओत चौकशी करावी, मगच करवत हातात घ्यावी. नाहीतर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करील.

पण या लेखातल्या तीन गोष्टी ट्रेलर नसलेल्या घरालाही लागू आहेत. एक, न्हाणीघरात गॅसचा गिझर असेल तर खिडकी किंवा जाळी उघडी हवीच. थंडीत खोलीत शेगडी पेटवून दार लावून झोपू नये. तो वायू ट्रेलर आणि घर यांत फरक करीत नाही. दोन, ईदला किंवा लग्नाला गावी जाताना गाडीच्या टपावर आणि मागे किती सामान चढते ते एकदा मोजावे, आणि टायरची हवा त्याप्रमाणे पाहावी. तीन, विजेची स्कूटर रात्री दाराच्या तोंडाशी चार्जिंगला लावू नये. आग लागली तर बाहेर पडायची वाटच अडते.

निघण्यापूर्वी आमच्याकडे एक यादी वाचली जाते. हिचची खीळ, आडव्या बांधलेल्या साखळ्या, दिवे, चाकांचे नट, टायरची हवा, छताची झडप, मागचे दार. लेक वाचते, मुलगा हात लावून "झाले" म्हणतो. पहिल्या पन्नास मैलांनंतर थांबून नट पुन्हा आवळतो. मग सफरची दुआ. उंटाला आधी बांध, मग अल्लाहवर भरवसा ठेव, ही शिकवण आपल्याला ठाऊकच आहे. साखळ्या तपासणे हे आमच्यासाठी उंट बांधणेच आहे.

पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह, परदेशात वाढणाऱ्या मुलांना मराठी वाचायला कसे लावावे, याविषयी. तोवर रस्त्यावर असलेल्या सर्व मुसाफिरांना अल्लाह सुखरूप घरी पोहोचवो. आमीन.